मामंजींची माती आणि माझं ऑर्किड

मातीशिवाय झाड जगत नाही, हे ज्या माणसानं सत्तर वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं त्याच्यावर ओरडू नये, असं मला आजवर चार जणांनी ऐकवून झालंय. मी ओरडले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओरडेन, फक्त एक वाक्य गाळेन. ते कुठलं, ते पुढे येईलच.

आधी माझी बाजू सांगते, कारण घरात ती कुणी ऐकली नाही.

तळेगावच्या पलीकडे एका फुलांच्या कंपनीत मी अकरा वर्षं काम केलं. लागले तेव्हा ट्रे धुवायला होते, सुटले तेव्हा ऑर्किडच्या अख्ख्या शेडची सुपरवायझर होते. ही रोपं आमच्याकडे बी पेरून होत नसत. एका चांगल्या झाडाचा बारीक तुकडा घ्यायचा आणि लॅबमध्ये काचेच्या बाटल्यांत त्याची हजारो रोपं वाढवायची. सगळी एका आईची, सगळी एकसारखी. फुलांचा मोसम आला की शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग दिसायचा, राणी रंग. साडीच्या दुकानात मागतात तोच. त्यात एखादं रोप वेगळं निघालं, पान वाकडं, पाकळी जास्त, रंग फिका, तर ते हुडकून लाल क्रेटमध्ये टाकायचं, हे माझं काम. मी त्यात तरबेज होते. शंभर फुलांवरून नुसती नजर फिरवली तरी बिघडलेलं एक मला दिसायचं.

शेवटच्या वर्षी थंडीत भिंतीकडच्या टेबलावर एक रोप पांढरं फुललं. पाकळ्यांच्या कडांना कच्च्या कैरीच्या आतल्या गराचा हिरवटपणा होता आणि फुलाच्या मधल्या जिभेवर राणी रंगाचा एकच ठिपका, तोही जरासा डावीकडे. अकरा वर्षांत मी असं फूल पाहिलं नव्हतं. साहेबांना ओढून आणलं. त्यांनी अर्धा मिनिट पाहिलं असेल.

"आउट आहे. काढा."

"सर, पण बघा तरी किती वेगळं आहे."

"गिऱ्हाईक शंभर कुंड्या घेतं ताई. त्याला शंभर एकसारख्या लागतात," असं म्हणून ते फोनवर बोलत निघून गेले.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं ऑर्किडचा विभाग बंद केला. आम्हा बायकांना एका दुपारी शेडच्या दारात उभं करून दोन मिनिटांत सांगितलं. मी घरी निघाले तेव्हा माझ्या डब्याच्या पिशवीत लाल क्रेटमधून वाचवलेलं ते रोप होतं, फूल तोवर झडलेलं, मुळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. गेटवर पिशव्या तपासणाऱ्यानं विचारलं, "काय आहे हे?" म्हटलं, "कचरा." कंपनीच्या हिशेबी तो कचराच होता.

त्या फुलाचा फोटो नाही. आम्हाला मोबाइल गेटवरच्या कपाटात ठेवावे लागायचे. म्हणजे ते फूल या जगात दोघांनी पाहिलं, मी आणि साहेबांनी, आणि साहेब ते जेवायच्या सुट्टीपर्यंत विसरले असणार. मला ते पुन्हा एकदा बघायचं होतं. बाकी काही नाही. त्याच्यावर धंदा करायचा नव्हता, कुणाला दाखवून मोठेपणा मिळवायचा नव्हता. मी निवडलेलं, माझ्या नजरेला दिसलेलं ते फूल मला एकदा माझ्या घरात उमललेलं हवं होतं. आता मी तळवड्यात एका लहान कारखान्यात रबरी रिंगा तपासते. वेगळी निघालेली रिंग तिथेही लाल क्रेटमध्येच जाते. रिंगेबद्दल मला काही वाटत नाही.

आमचं घर पुनावळ्यात, पाचव्या मजल्यावर. ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती सासरच्यांचीच होती. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, अजून काटक. खाली पार्किंगकडे बोट दाखवून "हितं हरबरा आसायचा" असं नव्या भाडेकरूंना सांगतात, आणि भाडेकरू हसून लिफ्टकडे जातात. इथं पाया खणायला जेसीबी यायच्या आधी त्यांनी एक काम केलं होतं. वावरातली वरची वीतभर काळी माती सुटी करून खताच्या रिकाम्या गोण्यांत भरली आणि जपून ठेवली, आणि इमारत झाल्यावर त्या गोण्या गच्चीवर चढवल्या. तिथं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ते दरवर्षी मेथी आणि कोथिंबीर पेरतात. इमारतीतली निम्मी घरं ती मेथी खातात. पण माती मात्र कुणाला मिळत नाही. एखादी सून तुळशीसाठी दोन मुठी मागायला गेली तर आधी तिची चौकशी होते, कुंडी केवढी, ऊन कुठलं, पाणी कोण घालणार.

माझं ऑर्किड गॅलरीत होतं. कोळसा आणि झाडाच्या सालीचे तुकडे भरलेल्या, बाजूंनी भोकं असलेल्या कुंडीत. घरात त्याला "ते झाड" म्हणायचे. दोन वर्षं त्यानं नुसती पानं दिली, आणि मग एका जानेवारीत पानाच्या बेचक्यातून हिरवा दांडा डोकावला. फुलाचा दांडा. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

आणि फेब्रुवारीत धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला मला नारायणगावला जावं लागलं, तीन आठवडे. जाताना नवऱ्याला बजावून सांगितलं, "आठवड्यातून एकदा पाणी. बाकी हात लावायचा नाही." त्यांची चाकणला शिफ्ट असते. त्यांनी मान हलवली. फोनवर मी रोज विचारायचे, झाड कसं आहे, आणि ते रोज म्हणायचे, मस्त. नंतर कळलं, पहिल्याच दिवशी त्यांनी ते काम वडिलांकडे सरकवलं होतं आणि तीन आठवड्यांत एकदाही गॅलरीत डोकावून पाहिलं नव्हतं. एकदा मामंजींनीही फोन घेतला. "तू काय बी काळजी करू नगंस. मी हाय."

परत आले तर गॅलरीत रंगाची जुनी बादली. बादलीत काठोकाठ काळी माती, हातानं दाबून बसवलेली, भोवती नीट आळं केलेलं, आळ्यात पाणी. मधोमध माझं ऑर्किड, पार पानांच्या बुडापर्यंत गाडलेलं. बाहेर लोंबणाऱ्या रुपेरी मुळ्या, ज्यांनी ते झाड हवेतून ओल पितं, त्या विळ्यानं साफ तासलेल्या. दांडा पिवळा पडून वाकला होता. जवळ गेले तर कुजका वास.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय केलंत तुम्ही?"

मामंजी खुशीत होते. त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. "काय म्हंजी? झाड उपाशी व्हतं. त्या कोळशात आनी सालपटात काय हाय खायाला? दांडा आला म्हटल्यावर पोटाला नको व्हय त्याला? आपल्या वावरातली माती चाळून घातलीया. शेणखत बी हाय."

"मी सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून! मी अकरा वर्षं हेच काम केलंय!"

ते हसले. त्यात कुचकेपणा नव्हता, पण हसले. "फुलं भरायचं काम येगळं पोरी, आनी शेती येगळी."

मग मी ते वाक्य बोलले. म्हटलं, "तुमची माती विष आहे. तिनं मारलं माझं झाड."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग आत गेले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

मला त्या वेळी त्यांचं काहीही वाटलं नाही. खरंच नाही. मी बादली गॅलरीच्या फरशीवर पालथी घातली, आणि जी माती ते कुणालाही दोन मुठी सहजी देत नाहीत ती पाण्याच्या पाइपानं मोरीकडे लोटली. झाड नळाखाली धरलं. मुळ्या एकेक करून चिमटीत दाबून पाहिल्या. जिवंत मुळी कडक लागते. कुजलेली दाबली की साल सुटते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. नुसते दोरे येत गेले. कात्री गॅसवर तापवून घेतली आणि मेलेलं सगळं कापलं. दांडाही कापला, कारण अशा झाडाला फूल पोसायला लावणं म्हणजे त्याला ठार मारणं. कापलेल्या जागांना दालचिनीची पूड लावली, बुरशी चढू नये म्हणून. शेवटी तीन मुळ्या उरल्या. तीन.

मग इस्त्रीवाल्याकडून कोळसा, लाकडाच्या वखारीतून साल, नारळाच्या शेंड्या, हे सगळं उकळून, वाळवून पुन्हा कुंडी भरली, आणि झाड नुसतं टेकवून दोऱ्यानं बांधलं. पाणी नाही. खत तर मुळीच नाही. आडोशाला, उजेड येईल पण ऊन येणार नाही अशा जागी, बाजूला पाण्याचं पसरट भांडं, हवेत ओल राहावी म्हणून. अशा झाडाला बरं व्हायला एकच गोष्ट लागते, लोकांनी हात आवरायला हवेत. आणि आमच्या घरात, आमच्या इमारतीत, आमच्या अख्ख्या पुनावळ्यात नेमकं तेच कुणाला जमत नाही.

पानं सुरकुतून लोळत होती, आणि येणारा प्रत्येक जण ती पाहून म्हणायचा, अगं पाणी घाल की. समोरच्या फ्लॅटमधल्या लातूरच्या वहिनी तांदळाचं धुवण घेऊन आल्या. मी दारातच अडवलं. कुणी ताक सांगितलं, कुणी चहाचा चोथा. माझी जाऊ आली होती, ती गॅलरीत उभी राहून उसासा टाकून म्हणाली, "मामंजींचंही असंच नाही का गं, वावरातून उपटून पाचव्या मजल्यावर आणून लावलेले." मला असल्या वाक्यांची चीड येते. माणूस म्हणजे माणूस आणि झाड म्हणजे झाड. तिला चहा न देता पाठवली.

नवऱ्याशी तर आठवडाभर नीट बोललेच नाही. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? हायवेच्या नर्सरीतून दुसरं आणू."

"दुसरं नाहीये. जगात दुसरं नाहीये."

"झाडच आहे ना शेवटी? ते म्हातारे आहेत, त्यांच्याशी असं बोलतात का?"

"म्हाताऱ्यांवर काम ढकलून झोपायला लाज नाही वाटली?" मी म्हटलं. "तुम्हाला सांगितलं होतं. तुम्हाला."

ते चिडले आणि शिफ्टला निघून गेले. मामंजी जेवायला येत, ताटाकडे बघून जेवत, ताट उचलून मोरीत ठेवत. यापूर्वी त्यांनी कधी ताट उचललं नव्हतं. मला तेही टोमण्यासारखं वाटायचं.

एकदा कपडे वाळत घालायला मी गच्चीवर गेले. मामंजी गोण्यांशी उकिडवे बसले होते. पाठ माझ्याकडे होती. त्यांनी एका गोणीचं तोंड सोडलं, मूठभर माती घेतली, बोटांनी चुरली, नाकाशी नेली. मग चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग दुसरी गोणी सोडली. ते काय तपासत होते ते मला लगेच कळलं. मी विष म्हटलं होतं, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. इतकी वर्षं गोणीत कोंडून माती बिघडली की काय, हे ते बघत होते.

एका वाक्याचं काम होतं. मामंजी, माती सोन्यासारखी आहे, पण हे झाड मातीतलं नाही. बस्स. एवढं म्हणायला दहा सेकंद लागली असती. मी म्हटलं नाही. माझा दांडा कुजला, मग त्यांनाही थोडं कळू दे, असं मनात होतं. लिहिताना लाज वाटते, पण होतं. कपडे वाळत घातले आणि खाली आले.

उन्हाळा कसाबसा काढला. शेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं काम सुरू होतं, दिवसभर सिमेंटची धूळ यायची, पानं मी रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. पाऊस लागला आणि दमट हवेत जे व्हायला नको होतं ते झालं. एका सकाळी पानांच्या मधोमध बोट लावलं तर पोंगाच, मधला कोवळा शेंडाच, हातात आला. काळा, लिबलिबीत. या जातीचं झाड एकाच शेंड्यातून वाढतं. शेंडा गेला की संपलं. आमच्या शेडमध्ये असं झाड मी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं, सरळ लाल क्रेट. मी तो पोंगा हातात धरून रडले, रागानं. साहेबांचा राग, नवऱ्याचा, मामंजींचा, बहिणीनं त्याच महिन्यात बाळंत व्हायचं म्हणून तिचासुद्धा. कुंडी टाकून द्यायला उचलली आणि परत ठेवली. टाकवेना.

गणपती गेले. त्यानंतर मामंजी मेथी पेरतात. त्या वर्षी क्रेट रिकामे. मला ते समोरच्या वहिनींकडून कळलं. "की वो, यंदा मेथी न्हाई म्हणाले बाबा. म्हणाले, माती बिघडली."

मी तशीच, हाताला कणीक लागलेली, गच्चीवर गेले. मामंजी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते.

"माती बिघडली म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच."

"मी रागात बोलले!"

"इख हाय म्हणालीस. शिकल्याली हायेस. मला वाटलं, आसंल."

"माती चांगली आहे. ते झाड मातीत लावायचंच नसतं. ते रानात दुसऱ्या झाडाच्या खोडावर बसतं, मुळ्या हवेत सोडून."

"बांडगूळ व्हय?"

"बांडगूळ नव्हे!" मी किंचाळलेच. "बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं. हे नुसतं बसतं. कुणाचं काही घेत नाही."

ते म्हणाले, "आपल्या बांधावरच्या आंब्याला पावसाळ्यात सीतेची येणी लागायची. गुलाबी तुरं, हे एवढालं. जमिनीत मूळ न्हाई काय न्हाई, फांदीलाच. तसलं?"

"तसलंच. त्याच कुळातलं."

मग जे झालं त्याला मी तयार नव्हते. मामंजी उठले आणि माझ्यावर ओरडले. माझ्या लग्नानंतरच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा. "मंग ह्ये आदी सांगाया काय जीभ झडली व्हती तुजी? सीतेच्या येणीचं भावंड हाय येवढं म्हणली आस्तीस तर मी हात लावला आस्ता व्हय? मला काय कळत न्हाई का? आंब्यावरची येणी काडून कुणी वावरात लावतंय का?"

"तुम्ही कधी विचारलंत?" माझाही आवाज चढला. पलीकडे कपडे काढणाऱ्या दोघी बायका थबकल्या. "अकरा वर्षं सकाळी सहाच्या बसनं जात होते मी. कंपनीत काय करतेस, कसली झाडं, कसली फुलं, घरात एकानं तरी विचारलं? फुलं भरते म्हणे! पस्तीस माणसं होती माझ्या हाताखाली!"

"न्हाई इचारलं," मामंजी म्हणाले. मग तेवढ्याच जोरात, "तू बी न्हाई सांगितलंस!"

ते खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. यांना काय कळणार, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. मी तिथंच कठड्याला टेकून सगळं सांगितलं, भांडणाच्याच आवाजात. लॅब, बाटल्या, लाल क्रेट, साहेब, डब्याची पिशवी. हजारो एकसारख्या झाडांत हे एकच वेगळं निघालं आणि ते मी हुडकलं, हेही सांगितलं.

"फूल कसं व्हतं?"

"आलं असतं तर दिसलंच असतं," मी म्हटलं आणि खाली आले. रंग मी कुणालाच सांगितला नव्हता, नवऱ्यालाही नाही. त्यांनाही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी मेथी पेरली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी मी कामावरून आले तर ते दारातच उभे होते, चप्पल काढू देईनात. "चल आदी. मी हात न्हाई लावल्याला. नुसतं बगितलं." गॅलरीत नेलं आणि कुंडीपासून हातभर लांब थांबून वाकले. "बुडाला बग. डाव्या अंगाला. केळीला येतं तसं पिल्लू."

वाळल्या पानाच्या आड, सालीला चिकटून, मुगाएवढा हिरवा ठिपका. कोंब. शेंडा कुजलेलं झाड कधी कधी मरता मरता बुडातून एक पिल्लू सोडतं. मी ते शेडमध्ये पाहिलं होतं. शंभरातलं एक बिघडलेलं ओळखणारी माझी नजर, आणि मी रोज त्या कुंडीसमोर उभी राहून ते मेलं म्हणून चरफडत होते. आणि ज्यांनी मारलं ते रोज माझ्या मागे येऊन, हात पाठीशी बांधून ते जिवंत आहे का ते बघत होते. मला त्यांचा भयंकर राग आला. म्हटलं, "बरं झालं." एवढंच.

पुढची दोन वर्षं ते पिल्लू आम्ही दोघांनी वाढवलं. मी सांगायचे, ते करायचे, आणि सांगितल्याच्या पलीकडे एक थेंब नाही. मी आठवड्याला अर्धा तांब्या म्हटलं तर त्यांनी अर्ध्या तांब्यावर खिळ्यानं खूण केली. उन्हाळ्यात गॅलरीला ओलं गोणपाट बांधलं. नवरा एकदा सहज पाणी घालायला गेला तर त्याच्या अंगावर खेकसले, "तुला काय कळतंय त्यातलं? तिला इचार आदी." भांडणं संपली नव्हती. कुंडी सरकवली म्हणून मी बोलायचे, मी उशिरा आले म्हणून ते. पण आता भांडण झाडावरून व्हायचं, आणि त्यातलं निम्मं त्यांना खरंच कळायला लागलं होतं.

तिसऱ्या थंडीत दांडा आला. चार कळ्या धरल्या.

पिल्लू आईसारखंच निघेल असं नसतं. लॅबमधलं एखादं झाड वेगळं फुलतं, आणि त्याच्या बुडातून फुटलेला कोंब पुष्कळदा पुन्हा मूळच्या वळणावर जातो. हे मला शेडमधल्या दिवसांपासून ठाऊक होतं. दोन वर्षं मी ते मनातसुद्धा उच्चारलं नव्हतं. पहिली कळी टपोरी झाली आणि उमलायच्या चार दिवस आधी तिच्या टोकाला रंग दिसला. राणी रंग.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळीलाही तोच. मी गॅलरीत उभी राहिले. ते पांढरं हिरवट फूल आता कुठेच नव्हतं. आईच्या शेंड्यात होतं, आणि शेंडा कुजला होता. खोलीत मामंजी रेडिओ लावून बसले होते आणि मला वाटलं, जाऊन सांगावं. तुम्ही मारलंत ते मेलंच. हे तसलं नाही. हे त्या हजारो एकसारख्यांतलंच एक आहे, असली मी ट्रेच्या ट्रे भरून ट्रकमध्ये चढवली आहेत. सगळं ओठांवर होतं. चार दिवस ओठांवर होतं.

रविवारी सकाळी फूल पूर्ण उमललं. मामंजींनी अंघोळ करून धुतलेली टोपी घातली होती. त्यांनी वाकून पुष्कळ वेळ पाहिलं. डोळे भरले होते, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"ह्येच का गं ते?"

माझ्या पोटात राग तसाच होता. तो आजही आहे. मी म्हटलं, "हेच."

"काय फूल हाय," ते म्हणाले. "तुजा सायेब आंधळा व्हता."

मग त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं. माझ्या सुनेनं हजारांतून हुडकलेलं फूल, जगात दुसरं न्हाई, मी मातीत घालून मारलं व्हतं, तिनं जगवलं, हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. माझं काम काय होतं, लॅब म्हणजे काय, बाटलीत रोप कसं वाढवतात, हेही सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. नवरा दाराला टेकून ऐकत होता. लोक मान डोलवत होते. समोरच्या लातूरच्या वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी नर्सरीतून आणलेल्या दोन कुंड्या आहेत, हुबेहूब याच फुलाच्या.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "हे तर आमच्याकडं..."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात मी पुष्कळांवर डोळे वटारले आहेत, पण इतका राग एका नजरेत कधी घातला नव्हता.

"...आमच्याकडं हाय ते लई साधं हाय," वहिनी म्हणाल्या. "ह्याची सर न्हाई की वो त्याला."

"मंग सांगतो काय," मामंजी म्हणाले.